ससेमिऱ्याची चार अक्षरे

दिवाळीच्या आधीच्या आठ दिवसांत लहान मूल असलेल्या कोणत्याही घरात डोकवावे, म्हणजे मराठी भाषेची श्रीमंती कळते. पोराने फटाक्यांचे टुमणे लावलेले असते. मुलीची नव्या कपड्यांसाठी भुणभुण चाललेली असते. माळ्यावरचे डबे खाली काढून द्या म्हणून घरातून लकडा लागलेला असतो. वाण्याचा मागल्या बाकीसाठी तगादा असतो, आणि यंदा भाऊबिजेला यायचेच म्हणून गावाहून बहिणीने गळ घातलेली असते. या सगळ्यांनी मिळून घरच्या कर्त्या माणसाला भंडावून सोडलेले असते. एकाच गृहस्थाला एकाच आठवड्यात पाच जण पाच तऱ्हांनी सतावतात आणि भाषा प्रत्येकाला निराळा शब्द काढून देते. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालून पाहावा. वाण्याने बाकीचे टुमणे लावले म्हटले की वाणी पाच वर्षांचा होतो. बहिणीने भाऊबिजेचा तगादा लावला म्हटले की ओवाळणीचे कर्ज होऊन बसते.

माणसाने माणसाच्या मागे लागावे यासाठी मराठीने किती शब्द जमवले आहेत! काही नुसत्या आवाजावरून आलेले आहेत: भुणभुण, पिरपिर, किरकिर, कटकट. त्यांचा त्रास कानापुरता असतो. कान दुसरीकडे वळवला की संपला. काही अंगावर चढतात. कोणी डोके खातो, कोणी गळ्यात पडतो, कोणी हात धुऊन पाठीस लागतो, कोणी नाकी नऊ आणतो आणि शेवटी मानगुटीवर बसतो. काही थेट आकाशातून येतात. कोणी राशीला लागतो, एखादे शुक्लकाष्ठ मागे लागते आणि साडेसाती तर साडेसात वर्षांची मुदत ठरवूनच येते. माशीपासून शनीपर्यंत जाणारी ही चढण आहे, आणि आपल्याला पिडणारा माणूस तिच्यावर कोणत्या पायरीला उभा आहे हे आपण बोलता बोलता, विचार न करता ठरवून टाकतो.

विचार न करता ठरवतो, हेच मला अलीकडे खटकू लागले आहे. कारण यातला प्रत्येक शब्द हा एक छोटासा निवाडा आहे. ‘तगादा’ म्हणताना कोणाचे तरी कोणाकडे येणे आहे हे आपण मान्य करतो. ‘टुमणे’ म्हणताना मागणाऱ्याचे लहानपण मान्य करतो, आणि त्याबरोबर त्याचा लाडही. ‘छळ’ म्हटले की मागणे बाजूलाच राहते; तिथे एकाचे बळ आणि दुसऱ्याची लाचारी एवढेच उरते. शब्द चुकला की निवाडा चुकतो. हा निवाडा कसा चुकतो ते सांगण्यासाठी मी या सगळ्यांतला सर्वांत विचित्र शब्द घेतो, तो म्हणजे ‘ससेमिरा’.

या शब्दात ससा नाही आणि मिरेही नाहीत. त्याला धातू नाही, प्रत्यय नाही. चार अक्षरे एकापुढे एक ठेवलेली आहेत, एवढेच. ती आली आहेत विक्रमादित्याच्या सिंहासनाच्या ज्या संस्कृत कथा आपण ‘सिंहासनबत्तिशी’ म्हणून ओळखतो, त्यांतल्या एका गोष्टीतून. ही गोष्ट पूर्वी घरोघर सांगितली जात असे. आता शब्द उरला आहे आणि गोष्ट गेली आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो.

विशाला नगरीत नंद नावाचा राजा होता. राणी भानुमतीवर त्याचे इतके प्रेम की ती दृष्टीआड होऊ नये म्हणून त्याने तिचे चित्र काढवून घेतले. राजगुरू शारदानंद याने ते पाहिले आणि राणीच्या मांडीवर तीळ आहे, तो काढायचा राहिला, असे सांगितले. राजाच्या डोक्यात संशयाने घर केले. गुरूला मारून टाका, असा त्याने हुकूम दिला. प्रधान बहुश्रुत शहाणा होता. त्याने गुरूला मारले नाही, आपल्या घरात लपवून ठेवले.

पुढे एकदा राजपुत्र शिकारीला गेला असता अरण्यात एकटा पडला. वाघ मागे लागला म्हणून तो झाडावर चढला, तर वर एक अस्वल बसलेले. अस्वल म्हणाले, भिऊ नकोस, तू माझ्या आश्रयाला आला आहेस. रात्री दोघांनी पाळीपाळीने जागायचे ठरवले. राजपुत्र अस्वलाच्या मांडीवर डोके ठेवून झोपला. खालून वाघ म्हणाला, हा माणूस आहे, त्याला खाली ढकल. अस्वलाने ऐकले नाही. मग अस्वल झोपले आणि राजपुत्र जागा राहिला. वाघाने त्यालाही तेच सांगितले आणि राजपुत्राने अस्वलाला ढकलून दिले. अस्वल पडता पडता एका फांदीला धरून वाचले. त्याने राजपुत्राला मारले नाही. ‘स-से-मि-रा’ म्हणत तू पिशाच्चासारखा भटकशील, एवढाच शाप दिला.

घोडा एकटाच परत आला तेव्हा शोधाशोध झाली. राजपुत्र सापडला तो वेडा होऊन. काही विचारले की एकच उत्तर, ‘ससेमिरा’. वैद्य झाले, मांत्रिक झाले. आता आपला गुरू असता तर, असे म्हणत राजा हळहळू लागला. तेव्हा प्रधानाने आपल्या मुलीला थोडे समजते असे सांगून पडद्याआड शारदानंदाला बसवले. पडद्यामागून एक श्लोक आला. त्याचे पहिले अक्षर ‘स’ होते आणि अर्थ असा की, विश्वास ठेवून मांडीवर निजलेल्याला मारण्यात कसला पराक्रम? राजपुत्राच्या तोंडचा ‘स’ गळाला आणि तो ‘सेमिरा’ म्हणू लागला. दुसरा श्लोक ‘से’ने सुरू झाला. इतर पापे तीर्थांवर धुतली जातील, मित्रद्रोह धुतला जाणार नाही, असे त्यात होते. ‘मिरा’ उरला. तिसऱ्याने ‘मि’ गेला आणि चौथ्याने ‘रा’. राजपुत्र शुद्धीवर आला आणि त्याने घडले ते सगळे सांगितले. घरात बसून तुला रानातले कसे कळले, असे राजाने विचारले. पडद्याआडून उत्तर आले की, राणीचा तीळ जसा कळला तसेच. राजाने पडदा सारला आणि गुरूचे पाय धरले.

गोष्ट म्हणून हिची तारीफ करावी तेवढी थोडी. हिचा जुना अवतार अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त आहे. तिथे राजा योगनंद आहे, लपवलेला पंडित वररुची आहे, राजपुत्र हिरण्यगुप्त आहे आणि वाघाच्या जागी सिंह आहे. तिथेही राजपुत्र अस्वलाला ढकलतो आणि वेडा होतो. पण त्या वेडाच्या तोंडी ही चार अक्षरे नाहीत. ती घातली कोणा निराळ्या सांगणाऱ्याने, आणि माझ्या मते त्यानेच या गोष्टीला खरा जीव दिला. वेड लागले म्हटल्यावर पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. इथे मात्र वेडा स्वतःच्या गुन्ह्याचा कागद तोंडात घेऊन हिंडतो. फक्त तो कोणाला वाचता येत नाही. राजपुत्राला औषध लागत नाही, वाचक लागतो. आणि तो वाचक कोण, तर ज्याला राजाने स्वतः अन्यायाने मारायला पाठवले होते तो. मुलाने आश्रय देणाऱ्याचा घात केला, बापाने ज्ञान देणाऱ्याचा केला. दोघांचा हिशोब त्या एका पडद्यापाशी एकदमच चुकता होतो.

आता या कथेत राजपुत्राच्या मागे कोण लागले होते? अरण्यातला वाघ रात्रीपुरता होता, सकाळी निघून गेला. अस्वल परत फिरले. त्याच्या पाठीस कोणीही नव्हते. होते ते त्याचे स्वतःचे कृत्य. ‘ससेमिरा’ हा मूळचा पाठलाग नाही. मनातून न जाणारी, ओठावर येणारी आणि तरीही उघड सांगता न येणारी ती टोचणी आहे. मराठीने हा शब्द उचलला आणि नेमका उलटा केला. आतून येणारा ससेमिरा बाहेरून लागू लागला. आज आपण चौकशीचा ससेमिरा म्हणतो, वसुलीवाल्यांचा म्हणतो, पाहुण्यांचाही म्हणतो. शब्दाचे अर्थ बदलतात, त्याबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत. ‘छळ’ हा शब्द संस्कृतात कपटाचा होता, मराठीत जाचाचा झाला आणि त्यात आपले काही बिघडले नाही. पण ससेमिऱ्याच्या या उलटीपालटीत एक सोय दडलेली आहे. माझ्यामागे ससेमिरा लागला, असे म्हणणारा एका दमात फिर्यादी होतो. देणे खरे होते का, कोणाला ढकलले होते का, हा प्रश्न त्या चार अक्षरांखाली झाकून जातो. ती अक्षरे मुळात जो प्रश्न विचारण्यासाठी जन्मली, नेमका तोच.

मग पाठीस लागण्याचा खरा निवाडा कसा करावा? या परीक्षेसाठी मला पन्हाळ्याइतकी चांगली जागा सुचत नाही. कोल्हापुराहून वीसेक किलोमीटरवर असलेल्या या गडावर आपण हवा खायला जातो, तीन दरवाजा पाहतो, अंबरखान्याच्या गारव्यात घटकाभर उभे राहतो आणि बाहेर आलो की झुणका-भाकरवाल्या बायका हाका मारतात. ‘या की दादा, गरम भाकरी हाय.’ नको म्हटले की त्या पुढच्या गाडीकडे वळतात. याला कोणी ससेमिरा म्हणत नाही, म्हणूही नये. हाकेला नाही म्हणण्याची पूर्ण मोकळीक आपल्याला असते आणि त्यांना ती मान्य असते. पण पन्हाळ्याने पाठीस लागण्याचे याहून फार मोठे दोन नमुने पाहिले आहेत. एक तलवारीचा आणि दुसरा कवितेचा.

पहिला सर्वांना ठाऊक आहे. १६६०च्या मार्चमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर आले आणि सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. पाऊस सुरू झाला की वेढा ढिला पडतो, असा त्या काळचा अनुभव. सिद्दीने तो खोटा ठरवला. चारेक महिने तो हलला नाही. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. शेवटी जुलैतल्या एका पावसाळी रात्री महाराज निसटले. पालखीत बसलेला शिवा काशीद पकडला गेला आणि प्राणास मुकला. सिद्दी मसूद मागावर धावला आणि विशाळगडाच्या वाटेवर घोडखिंडीत बाजीप्रभूंनी त्याला अडवून धरले. या सगळ्याला मराठी भाषा काय म्हणते? ‘वेढा’ म्हणते, ‘पाठलाग’ म्हणते. सिद्दीच्या चिकाटीबद्दल आपल्या मनात राग असेल, पण त्याने पन्हाळ्याला ‘सतावले’ असे कोणताही बखरकार म्हणणार नाही, आणि म्हटले तर आपल्याला हसू येईल. कारण वेढ्यात दोन बाजू असतात आणि दोघींच्या हातांत शस्त्र असते. वेढलेला लढू शकतो, तह बोलू शकतो, निसटू शकतो. जिथे तोडीस तोड उभे राहता येते तिथे भाषा तक्रारीचा शब्द वापरत नाही.

दुसरा नमुना याच गडावर १७२९ साली जन्मला. मोरोपंत पराडकर हे पन्हाळ्याचे. त्यांचे बालपण आणि विद्याभ्यास तिथलाच. पुढे ते बारामतीस गेले आणि १७९४ साली तिथेच वारले. पंतांच्या आर्यांचा पसारा अफाट आहे आणि खरे सांगायचे तर त्या सगळ्याच आज आवडीने वाचल्या जात नाहीत. यमकांची आणि शब्दांची कसरत पाहून थक्क व्हावे आणि पान उलटावे, असे पुष्कळदा होते. पण ‘केकावली’ची गोष्ट वेगळी. केका म्हणजे मोराचा टाहो, आणि केकावली म्हणजे त्या टाहोंची माळ. मोरोपंतांनी आपल्या नावावर केलेला श्लेष त्यात आहेच. पृथ्वी वृत्तातल्या या काव्यात कवी देवाच्या अक्षरशः खनपटीला बसला आहे. तो विनवतो, रुसतो, पुराणांतले दाखले काढून देवाला कोंडीत पकडतो, अमक्याला तारलेस मग मलाच का नाही, असा वाद घालतो, आणि लगेच आपल्या धिटाईबद्दल लाजतोही. हीच कारागिरी आर्यांत दमवते, ती इथे दमवत नाही. आर्यांत ती दाखवण्यासाठी येते आणि इथे गरजेपोटी. याचकाला शब्दांशिवाय दुसरे हत्यार नसते, म्हणून तो असतील नसतील तेवढे सगळे शब्द वापरतो.

पंतांनी मोर का निवडला असेल? मोर मेघाला हाका मारतो, मेघावर कोणतेही बंधन नसते. त्याने बरसावे किंवा पुढे निघून जावे. मोराला मेघाचे काही बिघडवता येत नाही. म्हणून त्याची हाक हजार वेळा आली तरी ती त्रास होत नाही, आळवणीच राहते. पोराच्या टुमण्याचेही तेच. फटाके आणायचे की नाही हे बापाच्या हातात असते, म्हणून तर टुमण्याला गोडी असते. मला सापडलेली कसोटी ही अशी साधी आहे. मागे किती वेळा लागला हे मोजू नये. ज्याच्या मागे लागला त्याला ‘नाही’ म्हणता येते का आणि म्हटलेले ऐकले जाते का, हे पाहावे. दुबळ्याने समर्थाच्या दारी धरलेला हट्ट आणि समर्थाने दुबळ्याच्या दारी धरलेला हट्ट यांत शब्द तेच असतील, वेळा तेवढ्याच असतील; पण एक आळवणी आहे आणि दुसरा छळ.

योगायोग असा की, बारामतीला मोरोपंतांचे आश्रयदाते होते ते बाबूजी नाईक, म्हणजे सावकारी घराण्यातला बडा माणूस. १७४० साली थोरले बाजीराव वारले तेव्हा नानासाहेबांच्या पेशवाईस विरोध करून या बाबूजींनी आपल्या कर्जाचा तगादा कसा लावला, याची हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे. ज्यांच्या पदरी राहून पंतांनी देवाच्या दारचे याचकपण गायिले, ते यजमान तगाद्याच्या विद्येत निष्णात होते. पण इथेही कसोटी लावून पाहावी. तगादा पेशव्यांना होता. त्यांच्यापाशी फौज होती, मुलूख होता, दुसरीकडून पैसा उभा करण्याची ऐपत होती. त्यांना जाच झाला असेल, पण त्यांना कोणी चिरडले नाही.

तोच तगादा कुणब्याच्या दारात गेला की काय होते? पूर्वी येणे वसूल करण्याच्या रीतीच तशा होत्या. सरकारी शिपाई दारात बसे आणि त्या बसण्याचा खर्च, ज्याला ‘मसाला’ म्हणत, तोही देणेकऱ्याकडूनच घेतला जाई. शिवाय ‘धरणे’ होते. धनको उपाशीपोटी ऋणकोच्या उंबऱ्यात बसे आणि त्याचा तळतळाट लागेल या धाकाने ऋणकोला घास गिळता येत नसे. १८६०च्या भारतीय दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला भाग पाडणे हा ५०८ व्या कलमाखाली गुन्हा ठरवला आणि उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसलेल्या माणसाचेच दिले. आज आपण कचेरीसमोर धरणे धरतो, तेव्हा त्या शब्दाने आपली दिशाच बदललेली असते. पूर्वी धनको ऋणकोच्या दारी बसत असे. आता सामान्य माणूस सत्तेच्या दारी बसतो. दिशा बदलली आणि जाचाचा शब्द हक्काचा झाला. आणि जिथे ‘नाही’ म्हणायला जागाच उरली नाही तिथे काय झाले, ते १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दिसले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. त्यांचा मुख्य राग कागदांवर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांच्या मानगुटीवर कागदच बसला होता.

इतके झाल्यावर जी गोष्ट बोलण्यासाठी मी हा खटाटोप मांडला ती बोलतो. आपल्या बोलण्यात एक जागा अशी आहे जिथे आपण हलका शब्द वापरून मोठा अन्याय करतो. शाळेच्या, कॉलेजच्या वाटेवर एखादा मुलगा रोज एखाद्या मुलीच्या पाठोपाठ जातो. ती रस्ता बदलते, मैत्रिणीला सोबत घेते, सायकल सोडून एसटीने जाऊ लागते. घरात, आळीत आपण काय म्हणतो? ‘तो तिच्या मागे लागलाय.’ हसून म्हणतो. चित्रपटांनी तर पिढ्यान्‌पिढ्या शिकवले की नायिकेचा पहिला नकार हा गाण्याचा पहिला अंतरा असतो. नायकाने चिकाटी सोडू नये, म्हणजे शेवटच्या रिळात ती हो म्हणते. करमणूक म्हणून ते पाहिले असेल, पण समीक्षा करायची तर म्हणावे लागेल की, त्या पटकथांनी मोराची केका वाघाच्या तोंडी घातली आहे. झाडाखाली बसून राहणे याला कोणी आळवणी म्हणत नाही.

शब्द हलका, म्हणून तक्रारही हलकी ठरते. मुलगी सांगते, तो मागे लागतो, आणि ऐकणारा म्हणतो, लक्ष देऊ नकोस. शब्दाने आधीच निवाडा दिलेला असतो. सुदैवाने कायद्याने आपल्या बोलीहून नेमके काम केले. २०१३ साली दंडसंहितेत ३५४-ड हे कलम आले आणि स्त्रीने स्पष्टपणे नापसंती दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणे किंवा तिच्याशी संपर्क साधू पाहणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. इंटरनेटवरच्या तिच्या वावरावर पाळत ठेवणेही त्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ७८ व्या कलमात ते आहे. नकार ऐकू आला की नाही, यावर कायद्याने बोट ठेवले. आणखी एक बारकावा त्यात आहे. गुन्हा टाळण्याचे किंवा शोधून काढण्याचे काम राज्याने ज्याच्यावर सोपवले आहे, त्याने त्या कामासाठी मागावर जाणे हा गुन्हा नाही. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘ससेमिरा’ म्हणतो आणि ज्याला नुसते ‘मागे लागणे’ म्हणतो, ते दोन्ही कायद्याने निराळे करून ठेवले. बोली मात्र अजून उलट चालते. ज्याच्यापाशी वकील आहेत, माणसे आहेत, बोलायला व्यासपीठ आहे, त्याला चौकशीचे चार कागद आले की आपण मोठा, गंभीर, पुराणातला शब्द देतो. आणि जिच्यापाशी दुसऱ्या रस्त्याने घरी जाण्याखेरीज काही नाही, तिला दोन साधे, हसरे शब्द देऊन वाटेला लावतो.

प्रत्येक चौकशी न्यायाची असते असे मला म्हणायचे नाही. सत्तेने पाठीस लावलेली माणसेही जगात असतात, आणि ज्याचे काही देणे नाही त्याच्या दारात शिपाई बसवणे हा छळच होय. तिथे ‘छळ’ असेच म्हणावे. तो शब्द सरळ आहे, त्यात बळ कोणाचे हे दिसते आणि तो वापरणाऱ्यावर पुरावा देण्याची जबाबदारी येते. ‘ससेमिरा’ ही जबाबदारी टाळतो. त्यात बळ कोणाचे ते दिसत नाही आणि देणे कोणाचे तेही दिसत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की, या शब्दांची आपापली घरे त्यांना परत द्यावीत. टुमणे मुलांना असू द्यावे आणि त्यातले एखादे पुरवावेही, कारण पुढे तीच मुले मागायची थांबतात आणि मग घर फार शांत होते. गळ बहिणीला, लकडा घरच्या माणसांना, पाठपुरावा कचेरीतल्या अर्जाला. तगादा ज्याचे खरोखर येणे आहे त्याला, तोही उंबऱ्याच्या बाहेरून. मुलीच्या पाठोपाठ रोज जाणाऱ्याच्या बाबतीत ‘मागे लागलाय’ म्हणणे सोडावे आणि ‘छळतो आहे’ असे स्पष्ट म्हणावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते आधी म्हटले तर मुलीला ते सांगणे सोपे जाईल.

आणि ससेमिरा? तो त्या राजपुत्राकडे राहू द्यावा. कोणी आपल्या मागे ससेमिरा लागल्याचे सांगू लागला, तर त्याला सहानुभूती जरूर दाखवावी. पण शारदानंदासारखे शांतपणे एवढे विचारावे की, बाबा रे, त्या रात्री झाडावर तुझ्याबरोबर आणखी कोण होते?